मार्फत

दिवाडीला पूल नाही.
फेरीत माणसाला तिकीट नाही,
हे ठाऊक नव्हतं, म्हणून पहिल्या दिवशी
मी वीसची नोट मुठीत धरून उभी राहिले
तर दोर सोडणारा पोरगा दुसऱ्याला म्हणाला, "भायली."
तो शब्द मला कोणी समजावून सांगावा लागला नाही.

मी बार्शीची. एकतीस वर्षं पोस्टात
गावं निवडली, तांदळातले खडे निवडावेत तशी.
आता माझा पत्ता:
मार्फत एर्मेलिंडा कार्व्हालो, पिएदाद, दिवाडी,
खूण: फाटकावर एका कानाचा सिंह.

एर्मेलिंडा इथे नसते.
ती इटलीत, डोंगरावरच्या एका गावात,
(नाव तिनं तीनदा सांगितलं, माझ्या जिभेवर ते घसरतं)
जिथे बस दिवसातून दोनदा येते
आणि दुपारी दीडनंतर हाक मारली तर
भिंतसुद्धा कूस बदलून झोपते.
"सारकें दिवाडी," ती म्हणते, "फक्त नुस्तें नाही."
तिचाही पत्ता मार्फत आहे.
मार्फत सिन्योरा झिता, वय एक्क्याण्णव, उजवी बाजू गेलेली.
तिला उठवायचं, धुवायचं, भरवायचं,
रात्री तिच्या कण्हण्याच्या अंतरावर झोपायचं.

साडेबाराला माझा फोन उजळतो. तिथे तेव्हा जेवणं उरकलेली.
मराठी ती मालिकांतून शिकली,
म्हणून रागावली की थेट सासूसारखी बोलते:
प्रमिलबाय, विहिरीत कासव आहे, पपाच्या वेळचं, हाकलायचं नाही.
प्रमिलबाय, तिसऱ्या खोलीचं कुलूप असू दे.
पोदेराला सांग, आता दोनच उंडे.
शनिवारी खुरसाकडे मेणबत्ती.

जन्मभर तुळशीला पाणी घातलेली मी
खुरसापुढे वाकते. वारा असला की तीन काड्या लागतात.
शेजारची आग्नेल बाल्कांवातून बघत असते,
चौथ्या काडीला स्वतःची आगपेटी घेऊन येते,
काही न बोलता परत जाते.

मागच्या महिन्यात एर्मेलिंडा फोनवर रडली.
मला वाटलं, म्हातारी गेली.
तर बेकरीवाली तिला म्हणाली होती, "नेहमीचाच ना?"
चार वर्षं ती काचेवर बोट ठेवून पाव मागत होती.
मी म्हटलं, अगं मग हस.
ती म्हणाली, हसतेच आहे.

मला अजून पोदेर रोज विचारतो, "कितले?"
रोज दोन. तरी विचारतो.

मंगळवारी पहाटे फोन.
म्हातारी रात्री गेली. हाताची घडी तिनंच घातली,
लुळा हात वर राहीना, म्हणून जपमाळेनं बांधला.
मुलगा आलाय शहरातून,
घराला भिंत कुठून पाडता येईल ते बघतोय.
मग बराच वेळ नुसता श्वास.
मग: "ती खोली उघड गो. किल्ली देवघरामागे.
फोटो काढून पाठव. बघायचंय फक्त."

मला वाटलं होतं, चांदी असेल, कागद असतील.
एक पलंग. धुतलेली चादर,
दुमडीच्या रेषा पिवळ्या पडलेल्या.
मच्छरदाणी वर बांधलेली. उशी.
खाली सपाता, एकीची टाच आत दबलेली.
शिंपल्यांच्या खिडकीतून दुधासारखा उजेड
आणि कुठेच जळमट नाही.
वर्षाला एकदा कोण झाडतं इथे? आग्नेल?

टपालात एक शिक्का असतो:
'पत्ता सोडून गेले'. हजारदा मारला असेल मी.
दोन निळ्या खुणा उमटल्या. उत्तर नाही.
ती येणार का, आणि आली तर
मी कुठे, हे विचारायला नको होतं.
मी लिहिलं: उंडे किती सांगू?

कासवानं पाण्यावर डोकं काढलं, आत घेतलं.
मानशीकडून पोंपों वाजत आला.
सायकल फाटकाशी थांबली, त्यानं टोपल्यावरचं निळं प्लास्टिक उचललं,
आणि आज काही न विचारता
माझ्या हाताकडे बघत राहिला.
मी बोटं वर केली.
किती, ते मीच मोजत होते.